पिठाच्या डब्यातला फोन

हिवाळ्यात नंदुरबार जवळ आलं हे कंडक्टरला ओरडून सांगावं लागत नाही. एसटीत पुढच्या सीटवरचा माणूस शिंकतो, मग त्याच्या मागचा, मग खिडकीला डोकं टेकून झोपलेली बाई पदर नाकाला लावत उठून बसते. एखादा नवखा विचारतो, "काय जाळताहेत हो इथं?" कोणी काही जाळत नसतं. मिरची वाळत असते. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर नुसतं लालच लाल. ओली मिरची आणून जमिनीवर पसरायची, उन्हात वाळवायची, देठं खुडायची आणि पोत्यात भरायची. या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्रात पथारी म्हणजे झोपायचं अंथरूण. आमच्याकडे पथारीवर निवांत झोपलेला मालक मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी राहते लोणखेड्याला, शहाद्याच्या शेजारी. तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. माहेर नंदुरबारचं, आणि माहेरचा धंदा मिरचीचा. त्यामुळे गेल्या आठवड्यात माहेरी जाताना पहिली शिंक आली तेव्हा मला बरंच वाटलं. बाजूच्या बाईंनी मला गोळी काढून दिली. मी घेतली नाही. माहेरची शिंक आहे, तिला औषध कशाला?

पण त्या दिवशी डोक्यात दुसरंच काही घोळत होतं. बस प्रकाशा गावाजवळच्या पुलावर असताना पुण्याहून माझ्या मुलीचा, मृणालचा फोन आला होता. तिची नोकरीची मुलाखत आहे. म्हणाली, "मम्मी, ते लोक हमखास विचारतात, आयुष्यात घेतलेली सगळ्यात मोठी रिस्क कोणती म्हणून. मी काय सांगू?"

"सांग, त्या पाणी न येणाऱ्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली ती."

"मम्मी! चेष्टा नको ना. बरं, तुझी सांग. तुझी सगळ्यात मोठी रिस्क कोणती?"

रेंज जातेय म्हणाले आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती. खाली तापीचं पाणी तुडुंब भरलेलं होतं, आणि मी चाळिशी ओलांडलेली बाई, खिडकीतून बघत आठवत बसले की बाई गं, आपण काही रिस्क घेतलीय का कधी?

रिस्क हा शब्द आमच्या भागात आता उठताबसता वापरतात. टपरीवर वडा मागितला तर टपरीवालाच सांगतो, "सकाळचा आहे ताई, रिस्क नका घेऊ." डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनला थोडी रिस्क आहे, इथं सही करा, आणि सही करायला लावतात पेशंटच्या बायकोला. सोयरीक जमवताना म्हणतात, मुलगा चांगला आहे, पण सुरतेला एकटा राहतो, जरा रिस्क आहे. नीट ऐकलं तर या शब्दाच्या मागेपुढे बहुतेक वेळा 'नको' असतो. 'कशाला उगाच' असतो. शब्द धाडसाचा, पण वापर मुख्यत्वे घरी बसवायला.

आपला जुना शब्द जोखीम. ती उचलतात, पत्करतात, अंगावर घेतात. म्हणजे तिला वजन आहे, घेणारा जरा वाकतो. रिस्क नुसती घेतात, चहा घेतल्यासारखी. पुन्हा हिंमत आहे, धाडस आहे, आणि आमच्या चौकाचौकांत डेरिंग आहे. यातला कुठला शब्द कोणाला लावायचा याचे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत, पण ते सगळ्या गावाला पाठ आहेत. पुरुषाने ढगाळ दिवशी ओली मिरची विकत घेतली आणि ती वाळून चांगली निघाली, की ते डेरिंग. तीच मिरची सडली, की नशीब फिरलं. बाईने घेतली आणि चांगली निघाली, की तिचं नशीब. सडली, की आगाऊपणा. म्हणजे काम एकच, ढग तोच, मिरची तीच. शब्द मात्र नंतर मिळतो, आणि तोही कोण आहे ते बघून. मला याचा राग येतो. पूर्वीही यायचा, पण तेव्हा तो सांगायला शब्द नव्हते.

हे सगळं मला कळलं ते एका हिवाळ्यात. मी बारावीला होते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मिरचीच्या बाजारात डेरिंगबाज म्हणूनच ओळखले जायचे. ओल्या मिरचीच्या लिलावात बाकीचे मान खाली घालून विचार करायचे तोवर नाना मान हलवून मोकळे व्हायचे. आभाळाकडे बघून ते सांगायचे, "हाऊ ढग नवापूरकडथीन उना. पाव्हना शे. चहा पिसन चालना जाई." आणि ढग खरंच निघून जायचा. नाही गेला तर नाना म्हणायचे, पाहुणा मुक्कामी राहिला, काय करणार.

त्या वर्षी दिवाळीनंतर नानांचा दमा उसळला. आधी खोकला, मग धाप, मग एक दिवस पथारीवरच ते खाली बसले आणि त्यांना उठता येईना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की मिरचीच्या धुळीत आता पाऊल टाकायचं नाही. एक दिवसही नाही. मिरचीवाल्याला मिरची बंद! गावात दोन दिवस लोक हे एकमेकांना हसून सांगत होते. आमच्या घरात कोणी हसत नव्हतं.

नानांचे धाकटे भाऊ, आप्पा, संध्याकाळी आले. त्यांची स्वतःची पथारी आमच्या पथारीला लागूनच. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात, पण आप्पांना नकार द्यायचा असला किंवा काही काढून घ्यायचं असलं की ते शुद्ध बोलायला लागायचे. त्या दिवशी ते आल्या आल्या शुद्ध बोलले, तेव्हाच मायने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुम्ही आराम करा. पथारी मी सांभाळतो. वहिनींनी घर सांभाळावं. उगाच रिस्क नको."

सांभाळतो म्हणजे काय, ते सगळ्यांना समजत होतं. एकदा सांभाळायला गेलेली पथारी परत येत नाही. मग आम्ही आप्पांच्या जिवावर जगणार, आणि माय आयुष्यभर प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे मागून घेणार. माय कोपऱ्यात उभी होती. नाना बोलले. म्हणाले, "होळीलोंग ती करी. जमनं तं पथारी तिनी. नही जमनं तं तुन्ही." होळीपर्यंत ती करेल. जमलं तर तिची, नाही जमलं तर तुझी.

आप्पा हसले. मायच्या चेहऱ्यावरून मात्र तिला आनंद झाला की भीती वाटली, मला काहीच कळलं नाही. तिने आयुष्यात तोवर पथारीवर एकही निर्णय घेतलेला नव्हता. ती डबा घेऊन जायची, बायकांबरोबर बसून देठं खुडायची, आणि परत यायची. दुसऱ्या दिवसापासून ती डबा न घेता जायला लागली.

ते दिवस मला वासावरून आठवतात. माय घरात आली की आधी तिचा ठसका यायचा, मग ती. तिची लुगडी वेगळी धुवायची, वेगळी वाळत घालायची. हाताला तेल चोळूनही बोटं जळायची. एकदा विसरून तिने माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढलं, तर त्याने घर डोक्यावर घेतलं. नानांजवळ जायचं तर आधी अंघोळ, मग केस धुणं, मग दुसरं लुगडं. नाना ओट्यावर बसलेले असायचे, तोंडाला उपरणं लावून, आणि ती दिसली की तिथूनच प्रश्न सुरू. मिरची उलटवली का? किती वाकते? बी वाजतं का? दक्षिणेकडची रांग सुकली का? ती आंघोळीचं पाणी तापेपर्यंत लांबूनच उत्तरं द्यायची. असं वाटायचं की घरात धंदा नाही, तपासणी चालली आहे.

त्याच हंगामात घरात दुसरा मोबाइल आला. एक नानांकडे, एक मायकडे. छोटे, बटणांचे. नानांच्या फोनचा उपयोग एकच. दर थोड्या वेळाने ते मायला फोन करायचे. पथारीवर देठं खुडणाऱ्या बायकांमध्ये गुलीबाई म्हणून एक होती. आजूबाजूच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांची ती पुढारी, आणि जीभ मिरचीहून तिखट. फोन वाजला की ती ओरडायची, "ले वं बाई, तुन्हा मालक ढगमांथीन बोली ऱ्हायना!" सगळ्या बायका हसायच्या. मायही हसायची, पण फोन उचलायची.

पहिला ढग आला तो थंडी चांगली पडली होती तेव्हा. सकाळपासून आभाळ भरून आलं. बाकीच्या पथाऱ्यांवर धावपळ सुरू झाली. लोक दाताळ्याने मिरची ओढून ढीग करत होते आणि वर ताडपत्र्या टाकत होते. आमची मिरची अर्धवट वाळलेली होती. अर्धवट वाळलेल्या मिरचीचं दुखणं असं की उघडी ठेवली आणि पाऊस आला तर डागाळते. गोळा करून झाकली आणि पाऊस आला नाही तर आतल्या आत उबते, गरम होते, रंग जातो. त्याला फटकी म्हणतात. दोन्हीकडून मरण. मायला वाटत होतं की थांबावं. तिने फोनवर सांगितलंही, "अजून नरम शे. वाकस, मोडस नही."

नाना ओट्यावर उभे राहून ओरडत होते. मी बाजूलाच होते. "गोया कर! बठ्ठी गोया कर, झाकी दे! रिस्क लेवानी नही!"

आयुष्यभर डेरिंग करणारा माणूस. घरी बसला आणि त्याच्या तोंडात पहिल्यांदा तो शब्द 'नही'बरोबर आला. मायने सगळी मिरची गोळा करून झाकली.

ढग दोन दिवस तसाच बसून राहिला. थेंब पडला नाही. ताडपत्री काढली तेव्हा मी तिथे होते, कॉलेज सुटल्यावर गेले होते. आतून गरम वाफ आली, आंबूस, आणि मिरचीचा लाल रंग जागोजागी पांढुरका पडला होता. आप्पा आले, त्यांनी मूठभर मिरची उचलली, हळूहळू खाली सोडली, आणि शुद्ध बोलले, "वहिनी, ही फटकी झाली."

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. बाईने पथारी खराब केली. बाईला काय कळतं ढगातलं. भिऊन झाकून ठेवली म्हणे. कोणी मायच्या तोंडावर बोललं, कोणी पाठीमागे. झाकायला सांगितलं होतं कोणी, हे ती कोणालाच बोलली नाही. एका शब्दानेही नाही. आप्पांना नाही, गुलीबाईला नाही, तिच्या माहेरच्यांना नाही. मला एवढा संताप आला होता की मी जेवताना म्हणालेच, "पण नानांनीच तर…" तर मायने माझ्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "जेव."

नानांनी ऐकलं. सॉरी हा शब्द आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी आलाच नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मिरचीबद्दल विचारणं कमी केलं. फोन हातात धरून बसायचे, बटणांवरून अंगठा फिरवायचे, आणि खाली ठेवायचे. माय घरी आल्यावर फक्त एवढंच विचारायचे, "चहा पिसी का?"

खराब मिरची निवडून बाजूला काढण्यात बायकांचे कितीतरी दिवस गेले. उरलेली मिरची आणि नंतर घेतलेली नवी मिरची, एवढ्यावर आता सगळं होतं. आणखी एकदा असं झालं असतं तर होळीची वाट बघायची गरज नव्हती. आप्पा रोज एकदा कडेला गाडी लावून उभे राहायचे. नुसतं बघायचे, घर विकत घेणारा जसं उंबऱ्यावर उभं राहून बघतो.

मग संक्रांत झाली, आणि तिळगुळाचा गोडवा तोंडात असतानाच दुसरा ढग आला.

माझी सराव परीक्षा जवळ आली होती म्हणून मी घरी अभ्यास करत होते. अभ्यास कसला, पुस्तक मांडीवर आणि लक्ष आभाळाकडे. हा ढग नवापूरकडचा पाहुणा नव्हता. सातपुड्याच्या बाजूने आलेला, काळा, खाली वाकलेला. वारा पडला होता. नाना ओट्यावर उठले, बसले, परत उठले. फोन हातात घेतला. मला वाटलं, झालं, आता सुरू.

ते आत आले आणि फोन माझ्या हातात दिला. "ले. कोठे बी ठेव. माले सांगू नको."

"कशाले?"

"ठेव म्हननू ना."

मी स्वयंपाकघरात गेले. समोर पिठाचा डबा होता, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ भरलेला. फोन फडक्यात गुंडाळून त्यात ठेवला आणि झाकण लावलं. का तिथेच ठेवला, कोण जाणे. हाताशी तोच आला.

थोड्या वेळाने डबा वाजायला लागला.

आधी मला कळेचना काय वाजतंय. पितळेच्या डब्यात, पिठाच्या खालून, ती बारीक किरकिर. मी झाकणावर हात ठेवला, झाकण थरथरत होतं. मायचा फोन. ती कधीच आपणहून फोन करत नसे. नेहमी नानाच करायचे. आज तिने केला होता. म्हणजे तिला विचारायचं होतं. मी दारात येऊन नानांकडे पाहिलं. त्यांना ऐकू येत होतं. ते आभाळाकडे तोंड करून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरलेले. मी म्हणाले, "नाना, मायना फोन शे."

त्यांनी मान हलवली. नाही.

वाजून थांबला. परत वाजला. मला रडू यायला लागलं. मला वाटलं, हा माणूस सूड घेतोय की काय? पहिल्यांदा याचं ऐकून फजिती झाली, आता वेळेला उचलत नाही, मग सगळं तिच्या अंगावर. मी जवळजवळ ओरडलेच, "उचला ना!" नाना खोकायला लागले. खोकता खोकता पुन्हा मान हलवली. दुसऱ्यांदाही फोन वाजून थांबला, आणि मग नाही वाजला.

तिकडे काय झालं ते मला गुलीबाईने नंतर कितीदातरी रंगवून सांगितलं. माय फोनला शिव्या देत होती. "तुन्ही माय फोनले बोली ऱ्हायनती, मालकले नही," असं गुलीबाई म्हणायची, जणू त्यात फार मोठा फरक आहे. बायका दाताळी घेऊन उभ्या, कोणती रांग ओढायची याची वाट बघत. आप्पा त्यांच्या पथारीवरून ओरडत होते, "वहिनी, सगळी उचला! रिस्क घेऊ नका!" मायने फोन कमरेला खोचला आणि रांगांमधून चालायला लागली. वाकायची, एक मिरची उचलायची, कानाशी हलवायची, मोडायची, पुढे जायची. ज्या रांगेतली मिरची वाजली, म्हणजे वाळली, ती गोळा करा, झाका. जी वाकली ती तशीच राहू द्या. आप्पा गाडीवर आले आणि तावातावाने बोलायला लागले, तर ती म्हणाली, "तुम्ही तुम्हनी उचला ना." एवढंच. गुलीबाई हे वाक्य सांगताना कमरेवर हात ठेवून उभी राहायची. मायने हात ठेवला होता की नाही, देव जाणे.

पाऊस आला. फार नाही, एक सर. पण आली. उघडी मिरची भिजली. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळून ऊन पडलं, वारा सुटला, आणि माय दिवसभर बायकांबरोबर ती मिरची उलटवत राहिली. काही डागाळली, बरीचशी वाचली. आप्पांनी सगळी झाकली होती, त्यांचीही बरीचशी वाचली. तेव्हा ती बरोबर होती की आप्पा, हे आजही कोणी सांगू शकत नाही. मला अशा गोष्टी सांगताना शेवटी आपलं माणूस जिंकलेलं आवडतं, पण तसं काही झालं नाही. ढगाला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी माय घरी आली ती अर्धी भिजलेली. अंघोळ केली. नानांशी बोलली नाही. त्यांनी विचारलं, "चहा पिसी का?" ती सरळ स्वयंपाकघरात गेली, परात घेतली, डबा उघडला आणि पिठात हात घातला.

मी दारात उभी होते.

तिने फोन बाहेर काढला. फडकं सोडलं. पीठ झटकलं. फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या नानांच्या पाठीकडे पाहिलं. बराच वेळ. मग पदराने फोन पुसला, बटणांच्या फटींतून नखाने पीठ काढलं, बाहेर गेली आणि फोन नानांच्या समोर ठेवला. म्हणाली, "गोड चहा कर." नाना उठले. आमच्या घरात नानांनी चहा केल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. साखर इतकी घातली होती की प्यायला जात नव्हता. मायने सगळा प्यायला.

होळीला आप्पा पुरणपोळ्या जेवायला आले. खापरावरच्या पोळ्या, दूध, आमरस नाही म्हणून कुरकुर. सगळे वाट बघत होते, विषय कोण काढतो. आप्पांनी हात धुता धुता विचारलं, "मंग दादा, पुढना वरीसनं कसं?" अहिराणीत विचारलं, हे माझ्या लगेच लक्षात आलं. नाना म्हणाले, "तिले इचार. माले काय इचारस?" आप्पांनी विचारलं नाही. पथारी मायकडे राहिली. आता माझी भावजय वैशाली ती बघते. भाऊ सुरतेला नोकरी करतो, पंधरा दिवसांनी येतो. पथारी तीच, मिरची तीच. फक्त आता ढग येणार का ते मोबाइलवर दिसतं, आणि तरीही सगळे वर बघतातच.

तर गेल्या आठवड्यात शिंकत शिंकत मी घरी पोहोचले तेव्हा नाना ओट्यावरच होते, जवळ तोंडात फवारा मारायचं यंत्र. माय आत ज्वारी निवडत होती. चहा झाला. मी मृणालचा प्रश्न मायला विचारला. म्हटलं, "माय, तुन्ही सगळ्यात मोठी रिस्क कोणती? ती पानीना दिवसनी ना? तू मिरची उघडी ठेवली ती?"

मला खात्री होती की ती हो म्हणणार. मी ती गोष्ट मृणालला सांगायचीही ठरवून टाकली होती. आजीचं नाव मुलाखतीत गाजणार, वगैरे.

माय हसली. "मन्ही कसानी रिस्क? मन्हा समोर ढग व्हता, मन्हा हातमा मिरची व्हती. वाजनी ती झाकी, वाकनी ती ठेवी. माले करानं व्हतं, मी करं." मग तिने हनुवटीने ओट्याकडे दाखवलं. "रिस्क यानी लिधी. फोन वाजी ऱ्हायनता, आनि उचला नही."

मी ओट्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी नानांना हे कधी विचारलंच नव्हतं. मनात तो सूड होता की आणखी काही, ते मी तसंच ठेवलं होतं. म्हटलं, "नाना, का नही उचला?"

नानांना दम घ्यायला वेळ लागतो आता. ते म्हणाले, "उचलतू तं सांगतू. सांगतू तं ती ऐकती."

एवढंच. उचलला असता तर सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. त्या दिवशी डब्याच्या झाकणावर ठेवलेला माझा हात मला आठवला, आणि गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेले त्यांचे हात. मला वाटायचं, त्या दिवशी या घरात एकच माणूस संकटात होता, आणि तो पथारीवर होता. मी उगाच ज्वारीतले खडे वेचायला लागले.

दुपारी चारच्या सुमारास अंगणातलं ऊन गेलं. मी वर पाहिलं. ढग. मोठा नव्हता, पण सातपुड्याकडचा होता. नानांनीही पाहिलं. मायने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. आणि आत तिचा फोन वाजला.

"वैशूना शे," ती म्हणाली. उठली नाही. फोन वाजत राहिला. मी नानांकडे बघितलं, नाना मायकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीत थोडं हसू होतं. मायने सुपातली ज्वारी एकदा पाखडली. दुसऱ्यांदा पाखडली. मग सूप खाली ठेवून धावलीच ती, गुडघे दुखतात ते विसरून.

"हां, बोल वैशू… दिसना माले बी ढग…" काय करायचं ते सगळं तिच्या ओठांवर आलं होतं, ते दिसत होतं. मग ती थांबली. नानांकडे पाहिलं. "मिरची काय म्हणस? वाजस का?… तुले काय वाटस?" तिकडून वैशाली बराच वेळ बोलत होती. माय ऐकत होती, मान हलवत होती, मधेच कपाळाला आठी पडत होती. मग म्हणाली, "तुले तसं वाटस ना? मंग तसंच कर," आणि फोन बंद केला.

"काय करी ऱ्हायनी ती?" मी विचारलं. माय ज्वारीकडे गेली, सूप हातात घेतलं, परत ठेवलं. मोरीपाशी जाऊन उगाच हात धुतले. दारात आली, ढगाकडे पाहिलं, आत गेली, परत दारात आली. तिला करायला आता काहीच नव्हतं.

नाना ओट्यावर जरा सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.